भिगवणला नेण्याआधी नवा कॅमेरा घारीवर तपासा

नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि लांब लेन्स हातात आली की पहिल्याच रविवारी भिगवणची, म्हणजे उजनी जलाशयावर पक्षी बघायला नेणारी, होडी ठरवावीशी वाटते. थोडं थांबा. आधी चार-पाच दिवस पारवा, बगळा, घार आणि तारेवरचा वेडा राघू यांच्यावर घालवा. हे रोज भेटतात, त्यामुळे चूक कॅमेऱ्याची की आपली, हे पडताळता येतं.

सेटिंग असं ठेवा: फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्याचा माग धरणारा (कॅननमध्ये त्याला सर्वो म्हणतात), पक्षी किंवा प्राणी ओळखण्याची सोय चालू, मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडलेली) आणि त्याला ६४०० ची मर्यादा. लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा. ६०० एमएमला तो तपशील खातो.

पहिली चाचणी पक्ष्याविना. सकाळी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, १० मीटरवरून ट्रायपॉडवर, दोन सेकंदांच्या टायमरने, १/१००० सेकंदाच्या शटरला दहा फोटो काढा. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम हलवून परत साधा. मग हातात धरून १/१०००, १/५०० आणि १/२५० ला दहा-दहा. दहातले आठ जिथे स्वच्छ येतात, ती बसलेल्या पक्ष्यासाठी तुमच्या हाताची मर्यादा. माहितीपत्रकातला स्टॅबिलायझेशनचा (हाताची थरथर सावरण्याचा) आकडा इथे कामाचा नाही.

आता वेडा राघू. तो किडा पकडून बहुतेकदा त्याच फांदीवर परततो, म्हणून फोकस फांदीवर धरून १/३२०० ला वाट पाहा. घिरट्या घालणाऱ्या घारीला १/१६०० पुरतं, पण मागे उजळ आकाश असतं. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा, नाहीतर नुसती काळी आकृती मिळेल. गडद पाण्यापुढच्या बगळ्याला उलट −०.७ ते −१ द्या. पिसांतला पांढरा एकदा जळाला की रॉमधूनही परत येत नाही.

फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून बघा. डोळा स्वच्छ आणि पंखांची टोकं पुसट, तर शटर कमी पडला. मागचं गवत धारदार आणि पक्षी मऊ, तर फोकस निसटला; फोकसची चौकट लहान करा. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं, तर हात हलला. आणि कुठेच धार नाही, कडा लहरल्यासारख्या, तर तापलेली हवा. यावर कुठल्याही किमतीची लेन्स उपाय नाही. सकाळी लवकर जा किंवा जवळ जाता येईल असा पक्षी निवडा. पंख वाकडेतिकडे दिसले तर सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकल लावा.

कार्डही तपासा. सेकंदाला २० फोटो आणि प्रत्येकी ३० एमबी म्हणजे सेकंदाला ६०० एमबी. व्ही३० खूण असलेलं कार्ड खात्री देतं सेकंदाला फक्त ३० एमबीची. बटण दाबून धरा आणि वेग कितव्या सेकंदाला पडतो ते मोजा. तो दोन सेकंदांत पडत असेल, तर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठताना बटण आधीच दाबून बसू नका.

होडीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर तो थेट कॅमेऱ्यात पोचवतो. जाड कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरा, ती मांडीवर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा.