पाणभुंगा बरणीत ठेवताय? या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्या खानापूर बाजूला रात्री ट्यूबलाइटखाली टप्पकन काहीतरी आपटतंय, बघायला गेलं तर इंचभर लांब, हिरवट काळा, कडेनं पिवळी किनार असलेला भुंगा उताणा पडून गरगरत असतोय. हा तळ्यातला, भाताच्या वाफ्यातला पाणभुंगा, शास्त्रीय नाव सायबिस्टर. पोरं लगेच बरणीत घालतात आणि सकाळी मेला की मलाच विचारतात, काका, पाण्यातला किडा पाण्यात कसा काय बुडला वो?

बुडणारच की! बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलंत, आणि त्याला माशासारखे कल्ले नसतात. तो शेपटाकडचं टोक पाण्याबाहेर काढून पंखांच्या टणक आवरणाखाली हवा भरून घेतो आणि तेवढ्यावर खाली फिरतो, संपली की परत वर. म्हणून पाणी अर्धंच भरा, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, उघडी ठेवलीत तर रात्री उडून जातंय. तळाला दगड, काडी काहीतरी पाहिजे, नाहीतर आतल्या हवेनं बुचासारखा वर येत राहतो. मी एकदा मटणाचा चरबीवाला तुकडा टाकलेला, सकाळी पाण्यावर तेलकट तवंग आणि भुंगा अर्धमेला. तवंगामुळं हवा नीट घेता येत नाही, तेव्हा उरलेलं खाणं लगेच काढा.

गप्पी माशांच्या टँकमध्ये तर अजिबात सोडू नका, मग मासे कमी का झाले म्हणून शेजारच्या मांजराला शिव्या द्याल.

मागचे दोन्ही पाय वल्ह्यासारखे एकदम मारतो तो हा. पाय आलटून पालटून मारणारा, डोक्याकडून हवा घेणारा काळा भुंगा वेगळा, तो जास्त करून कुजका पाला, शेवाळ खातो. पुढच्या पायाला गोल चकत्या दिसल्या तर बुरशी म्हणून औषध घालू नका, तो नर आहे, मादीच्या गुळगुळीत पाठीला धरायला त्या लागतात.

अळी मिळाली तर एकेकटी ठेवा, एकमेकीला खातात. जबडा विळ्यासारखा, आतून पोकळ, त्यातून भक्ष्यात पाचक रस सोडून आतला लगदा चोखून घेते, डासांच्या अळ्या तर फस्त. पण मोठी झालेली अळी खाणं सोडून काठाकाठानं फिरायला लागली की आजारी समजू नका, तिला बाहेर पडून ओल्या मातीत कोष करायचा असतो, माती नसेल तर मरते. कुंडीतली ओली माती उताराला लावून द्या, आणि आत गेली की उकरून बघू नका. आमच्या पुतण्यानं उकरलंच.