खड्ड्यामुळे अपघात झाल्यास पालिकेकडून भरपाई कशी मागावी

खड्ड्यामुळे झालेल्या अपघाताचा दावा फसतो तो बहुधा पहिल्या दिवशीच्या कागदातच. पोलिसांच्या जबाबात आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ‘गाडीवरचा ताबा सुटून अपघात’ एवढंच लिहिलं जातं आणि खड्ड्याचा उल्लेख राहून जातो. पुढे पालिकेचा वकील तेच कागद दाखवून दोष चालकावर ढकलतो. म्हणून जखमीला दाखल करतानाच डॉक्टरांना कारण नीट सांगा आणि केसपेपरवर ‘खड्ड्यात चाक जाऊन पडल्याने’ असं लिहून घ्या. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, म्हणजे मेडिको-लीगल केसची) नोंद झाली का, तेही विचारा.

जबाब देताना जागा नेमकी सांगावी: कुठून कुठे जात होतो, किती वाजता, कोणत्या खांबासमोर किंवा कोणत्या इमारतीसमोर, रस्त्याच्या कोणत्या बाजूच्या खड्ड्यात कोणतं चाक गेलं. वाचल्याशिवाय सही करू नका. जखमी बोलण्याच्या अवस्थेत नसेल तर शुद्धीवर आल्यावर पुरवणी जबाब देता येतो, मात्र त्यासाठी लेखी अर्ज करून पोच घ्या. घटनास्थळाच्या पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली यावी असा आग्रह धरा.

फोटो त्याच दिवशी हवेत, कारण अपघाताचा बोभाटा झाला की खड्डा रातोरात बुजवला जातो. एक फोटो लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा खांबाचा क्रमांक दिसेल. एक मधल्या अंतरावरून, ज्यात गाडी घसरल्याच्या खुणा दिसतील. आणि एक अगदी जवळून, मापासकट. खोली दाखवायची असेल तर खड्ड्यावर आडवी काठी ठेवा आणि काठीपासून तळापर्यंत मेजर टेप सोडा. पाणी साचलेलं असेल तर आधी तसाच फोटो घ्या, मग काठी बुडवून ओल किती वर आली ते टेप लावून टिपा. पोहोचेपर्यंत खड्डा बुजला असेल तरी जाच. नवं काळं डांबर आणि कडेची सुटी खडी ताज्या डागडुजीची साक्ष देतात. मूळ फोटो फोनमधून काढू नका. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीत वेळ आणि ठिकाणाची माहिती राहत नाही. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्याची विनंती दुकानदाराला आणि पोलिसांना लगेच लेखी द्या.

आता रस्ता कोणाचा, हा प्रश्न. शहरातला प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमएसआरडीसीचा (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ) किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचाही असू शकतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला की ‘सदर रस्ता आमच्या ताब्यात नाही’ असं उत्तर यायला महिने जातात आणि मुदत निघून जाते. शंका असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी पत्र द्या. जोडीला माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते असं: रस्त्याची मालकी, शेवटच्या दुरुस्तीचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), ठेकेदाराचं नाव, दोष दायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत), आणि त्या जागेबद्दल अपघाताआधी आलेल्या तक्रारी. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा. खड्डा माहीत असूनही बुजवला नाही, हे त्यातून सिद्ध होतं.

भरपाईचा जवळचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने खुला केला आहे. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची, तर नगरपालिका हद्दीत मुख्याधिकारी आणि तेच सचिव यांची समिती रक्कम ठरवते. पोलिसांनी अपघाताची माहिती ४८ तासांत समितीला कळवायची आहे, पण त्यावर विसंबू नका. स्वतः अर्ज करा. एक प्रत आयुक्तांच्या आवक विभागात, दुसरी जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात. दोन्हीकडे शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्यायला विसरू नका. दावा केल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाल्यास ९ टक्के व्याज लागतं.

अर्जाला जबाब आणि पंचनाम्याची प्रत, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, फोटो, लायसन्स, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. बिलं तारखेप्रमाणे लावून एका कागदावर बेरीज करा. बुडालेल्या पगारासाठी कार्यालयाचा रजेचा दाखला लागतो. कायमचं अपंगत्व आलं असेल तर शासकीय रुग्णालयाचं टक्केवारीचं प्रमाणपत्र घ्या, पण जखम पूर्ण भरल्यावर. घाईने घेतलेल्या प्रमाणपत्रावर हमखास आक्षेप येतो.

नुकसान अडीच लाखांच्या पलीकडचं असेल तर दिवाणी दावा करावा लागतो, आणि इथे मुदत फार आखूड आहे. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ५२७ नुसार आणि इतर महापालिकांसाठी १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. समितीकडे अर्ज केल्याने ही मुदत थांबते असं धरून चालू नका. तिसरा महिना संपायच्या आत वकिलामार्फत नोटीस गेलेली बरी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विचारा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना मोफत मदतीचा हक्क आहे.

धडक पालिकेच्या कचरागाडीची किंवा बसची असेल तर वाट वेगळी. तो दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, तोही सहा महिन्यांच्या आत करायचा. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो.

हेल्मेट नव्हतं, सीटबेल्ट लावला नव्हता, वेग जास्त होता, असं काही असेल तर वकिलापासून लपवू नका. त्यामुळे भरपाई कमी होऊ शकते. पण ते उलटतपासणीत उघडं पडलं तर बाकीच्या साक्षीवरचा विश्वासही जातो.

समितीकडून रक्कम घेताना कोणत्या कागदावर सही मागतात, ते सावकाश वाचा. त्यात ‘पूर्ण व अंतिम, यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ असं वाक्य असेल तर ते खोडायला सांगा. ही भरपाई कायद्यातल्या इतर उपायांखेरीज आहे, असं न्यायालयाने त्याच आदेशात म्हटलं आहे.