स्क्रीनसाठी स्टेट मशीन वापरताय? या चुका टाळा

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी उत्पादकांसाठी ॲप करायचं, तर माल नोंदवायची स्क्रीन वरवर साधीच दिसते. वजन टाका, घडाचा फोटो जोडा, आजचा भाव बघा, पाठवा. पण ही कामं रांगेत थांबत नाहीत. फोटो अपलोड होत असतानाच शेतकरी वजन बदलतो, भाव अजून यायचाय आणि तेवढ्यात बागेतली रेंज जाते.

हे सगळं एकाच फायनाइट स्टेट मशीनमध्ये, म्हणजे ठरावीक अवस्था (स्टेट) आणि कोणत्या घटनेने (इव्हेंट) एकीतून दुसरीत जायचं याच्या आराखड्यात, कोंबू नका. अशी मशीन एका वेळी एकाच स्टेटमध्ये असते. फोटोच्या ४ अवस्था, भावाच्या ३, फॉर्मच्या ३, रेंजच्या २, गुणाकार ७२. आकृतीत प्रत्येक अवस्थेचा एक, असे एवढे गोल काढतो कोण? मग जे सुटतात, नेमके तेच बागेत घडतात.

वैतागून ‘लोड होतंय’, ‘एरर आहे’ असे हो-नाहीचे फ्लॅग लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ६ फ्लॅग म्हणजे ६४ जोड्या, आणि त्यातल्या कित्येक निरर्थक.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ साली मांडलेले स्टेटचार्ट, म्हणजे समांतर भाग चालवता येणारं स्टेट मशीनचंच पुढचं रूप, याच दुखण्यावर आहेत. चारही भाग समांतर चालवले की ७२ऐवजी १२ अवस्था लिहायच्या. मात्र भाग वेगळे केले म्हणजे ते एकमेकांपासून सुटले असं नाही. फोटो अपलोड झाल्याशिवाय ‘पाठवा’ चालू नको, ही अट तुम्हालाच घालावी लागते.

आता खरी चिवट तक्रार: ‘सावदा निवडलं, भाव रावेरचा दिसतोय.’ शेतकऱ्याने आधी रावेर दाबलं, लगेच सावदा. दोन्ही विनंत्या गेल्या. रावेरचं उत्तर आधी आलं. ‘भाव येतोय’ या स्टेटला उत्तर कुणाचं हे कळत नाही, ती सरळ ‘भाव आला’वर गेली. मागून सावद्याचं आलं, पण त्या स्टेटमध्ये या इव्हेंटला वाटच नाही, म्हणून ते गुपचूप गिळलं गेलं. आकृती बरोबर, एरर नाही, भाव चुकीचा! अशा वेळी नवी स्टेट जोडत बसू नका. प्रत्येक विनंतीला क्रमांक द्या, शेवटचा क्रमांक मशीनसोबतच्या डेटात ठेवा आणि जुळला तरच उत्तर स्वीकारा.

जुनी विनंती रद्द केली तरी ती सर्व्हरवर पोचलेली असू शकते. भाव बघताना ते चालतं. ‘पाठवा’ला नाही, तिथे पुन्हा पाठवलं की एकाच मालाची दोनदा नोंद होते. नोंदीचा क्रमांक फोनवरच तयार करा, म्हणजे सर्व्हरला दुसरी प्रत ओळखता येईल. ऑफिसच्या वाय-फायवर यातलं काही दिसणार नाही. चाचणी करताना उत्तरं मुद्दाम ५ सेकंद अडवा, मग एकदा त्याच क्रमाने आणि एकदा उलट क्रमाने सोडून बघा.