अपडाऊनसाठी हेडफोन घेताय? आधी एवढं बघून घ्या

अमळनेर ते जळगाव मी बारा वर्षं झाली अपडाऊन करतोय, आणि हेडफोनची खरी परीक्षा कुठे होते म्हणाल तर गिरणेच्या पुलावर. पाळधी सुटलं की थोड्याच वेळात गाडी पुलावर चढते, खालचं सगळं लोखंड घुमायला लागतं, खिडक्या उघड्या असतात, आणि तेवढ्या वेळात कानातला माणूस काय बोलतोय ते व्हॉल्यूम न वाढवता कळलं तर हेडफोन कामाचा. हात आपोआप बटणाकडे गेला की समजायचं हा आपल्या प्रवासाचा नाही. दुकानात एसीत उभं राहून सगळेच गोड वाजतात हो.

यंदा माझी भाची जळगावला कॉलेजला लागली, आता तीपण याच गाडीला असते, येता जाता मोबाईलवर एमपीएससीची लेक्चरं ऐकते. आठ दिवस झाले नसतील तर म्हणे, "मामा, कान दुखी राह्यनात." तिचा हेडफोन हातात घेऊन बघितला तर गादी एवढी छोटी की कानाभोवती बसायच्या ऐवजी कानाच्या पाळीवरच दाबून बसत होती, त्यात चष्म्याची काडी मध्ये, कानामागे लालभडक वळ उठलेला. तिला नवीन घ्यायचाय म्हणून बसून सगळं लिहून काढलं, तर म्हटलं बाकी अपडाऊनवाल्यांनापण उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी मॉडेल बघायचंच नाही, आपला प्रवास कागदावर लिहायचा. दिवसाला किती वेळ कानात राहणार, गाडीने की एसटीने की दोन्ही, बसायला मिळतं की दाराजवळ उभं राहावं लागतं, ऐकता काय, गाणी की लेक्चर की फोनवर बोलणं, चष्मा आहे का, घाम किती येतो. हे पाच मिनिटांचं काम आहे पण यावरच अर्धा निर्णय होतो. उभ्याने प्रवास करणाऱ्याने ते सुटे इअरबड घ्यायच्या आधी दहादा विचार करावा, गर्दीत कुणाचा खांदा लागला आणि एक बड दारातून रुळांवर गेला की गेला, मी डोळ्यासमोर बघितलंय, पोरगं बिचारं धरणगावपर्यंत गप्प होतं. अशांसाठी नेकबँड बरा, कानातून निघाला तरी गळ्यात राहतो, आणि स्टेशनला उतरताना खिशात शोधाशोध नाही.

आता आरामाचं, आणि इथे माझं मत पक्कं आहे की आवाजाच्या आधी आराम. कानात टोचणारा हेडफोन कितीही भारी वाजू दे, पंधरा दिवसांनी तो कपाटात जातो. कानावरून पूर्ण झाकणारा घेणार असाल तर वजन बघा, २५० ग्रॅमच्या आसपास असेल तर तासभर जाणवत नाही, सोनीचा एक्सएम५ साधारण तेवढाच आहे, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या घरात जातो आणि तेवढं वजन रोज डोक्यावर म्हणजे मानेला कळतं. वजनापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे गादीच्या आतली जागा. कान आत मोकळा बसला पाहिजे, पाळी कुठे दुमडायला नको आणि कानाचा वरचा भाग आतल्या जाळीला टेकायला नको, टेकला की वीस मिनिटांनी दुखायला सुरुवात. म्हणून दुकानात दोन मिनिटं लावून काढू नका, दुकानदाराला सांगा भाऊ मी जरा वेळ लावून बसतो, निदान वीस मिनिटं, चष्मा घालूनच, आणि काढल्यावर कानामागे बोट फिरवून बघा. गरम लागतंय, ठसा उमटलाय, तर ठेवून द्या. चष्म्याचं अजून एक, जाड काडी असेल तर गादी नीट चिकटत नाही, तिथून फट राहते, आणि फटीतून पहिला पळतो तो खर्जाचा आवाज. लोक म्हणतात हेडफोनला बेसच नाही, खरं तर बेस काडीपाशी गळत असतो.

कानाच्या आत घालायचे असतील तर रबरी टोप्यांवर वेळ घालवा. डब्यात लहान मधल्या मोठ्या अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक जण लावून आलेलीच ठेवून देतात. सगळ्या घालून बघायच्या, दोन कानांना वेगवेगळं माप लागू शकतं, त्यात काही चुकीचं नाही. नीट बसली की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो आणि बाहेरचं एकदम लांब गेल्यासारखं वाटतं, ती खूण. रबर टोचत असेल तर फोमच्या टोप्या वेगळ्या मिळतात, दाबून घालायच्या, आत फुगून बसतात.

बाहेरचा आवाज बंद करायचे दोन रस्ते आहेत आणि दुकानात दोन्हीची खिचडी करून सांगतात, म्हणून हे नीट समजून घ्या. एक म्हणजे साधी अडवणूक, कानात बोट घातल्यासारखी, गादी किंवा टोपी आवाज अडवते. दुसरं ते एएनसी म्हणतात ते, त्यात बाहेरच्या बाजूला माईक असतो, तो आवाज पकडतो, आतलं सर्किट त्याच्या बरोब्बर उलटी लाट तयार करतं आणि दोन्ही एकमेकांना खातात. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ साली युरोपातून अमेरिकेला परतताना विमानातल्या घरघरीत ही कल्पना सुचली, पुढे १९८९ ला त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट काढला आणि २००० साली सामान्य माणसासाठी क्वाएटकम्फर्ट आला. त्यांचे वडील बंगालचे स्वातंत्र्यसैनिक, हे भाचीला सांगितलं तर तिला फार भारी वाटलं. तर ती कल्पना विमानातली आहे हे लक्षात ठेवा, कारण एएनसी चालते ती एकसारख्या, खालच्या सुरातल्या घुमण्यावर, विमानाचं इंजिन, एसी डब्यातली घरघर, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये मागच्या सीटखालचं इंजिन. पुण्याला ट्रॅव्हल्सने जाणाऱ्याला ती खरंच वरदान आहे, सकाळी डोकं जड होत नाही. पण एसटीच्या काचांचा खडखडाट, शेजारच्या बाईच्या कडेवरचं रडणारं लेकरू, कंडक्टरची घंटी, हे चढ्या सुरातले आणि अचानक येणारे आवाज, तिथे एएनसी फारसं काही करत नाही, तिथे टोपी नीट बसली असली तरच निभतं. म्हणजे एसटीवाल्याने एएनसीला जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा घट्ट बसणारे साधे इन-इअर घेतले तर जास्त फायदा. आणि खिडकीला बसणार असाल तर दुकानात एएनसी चालू करून टेबलफॅनसमोर उभे राहा, वारं माईकवर आपटलं की काही मॉडेल्समध्ये फडफड येते, अशी फडफड तासभर ऐकवत नाही.

मागून उघडे असलेले हेडफोन पण असतात, त्यात आवाज मोकळा आणि ऐसपैस वाटतो, कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून येतोय, एकदम हलका, घडी होणारा, घरी ऐकायला मला फार आवडतो. पण गाडीत नको. बाहेरचं सगळं आत येतं आणि आपलं सगळं शेजाऱ्याला ऐकू जातं.

आवाज तपासायला दुकानदाराची गाणी ऐकू नका, ती निवडून ठेवलेली असतात. आपल्या फोनमध्ये तीन गोष्टी घेऊन जा ज्या पाठ आहेत. मी एक तबल्याची रेकॉर्डिंग नेतो, डग्ग्याची घुमक गोल ऐकू आली पाहिजे, नुसता धप्प आवाज नको, आणि त्या घुमकीखाली चाटीवरची बोटं हरवायला नकोत. दुसरं, आपल्याकडच्या वही गायनाची, म्हणजे खानदेशी लोकगायनाची, एक रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे गावच्या कार्यक्रमातली, डफ आणि चार पाच जणांचा एकदम लागलेला आवाज, खराब हेडफोनवर त्याचा चिखल होतो, चांगल्यावर कोण कुठे उभं आहे तेसुद्धा कळतं. तिसरं एक लेक्चर. त्यात स आणि श ऐका, सुरीसारखे कानात घुसत असतील तर दहा मिनिटांत डोकं उठतं, भाचीसारख्या तास तास लेक्चर ऐकणाऱ्यांनी तर हे आधी बघावं. धडाधड बेस असलेला हेडफोन पहिल्या मिनिटाला मस्त वाटतो पण बोलणाऱ्याच्या आवाजावर चादर टाकल्यासारखं करतो, म्हणून मी तिला बेसवाला घेऊ नको म्हणून सांगितलंय. आणि हे सगळं नेहमीपेक्षा बारीक आवाजात ऐका, मोठ्या आवाजात कुठलाही हेडफोन चांगलाच वाटतो.

वायर की ब्लूटूथ, यावर मी फार बोलत नाही. वायरचा घेतला तर १६ ते ३२ ओहमचा (हा विजेच्या अडथळ्याचा आकडा) घ्या, फोनवर आरामात वाजतो, अडीचशे तीनशे ओहमचे स्टुडिओवाले फोनवर मिणमिणतात. फोनला साडेतीनचा जॅक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागेल, तो आतमध्ये डॅक (फोनमधल्या डिजिटल आवाजाचा ऐकू येणारा आवाज करणारी चिप) असलेलाच मागा, साधा स्वस्तातला काही फोनवर चालतच नाही. ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, एलडीएसी, एएसी वगैरे, आयफोन असेल तर एलडीएसीच्या नावाने जास्त पैसे देऊ नका, आयफोन एएसीवरच चालतो, अँड्रॉइडवाल्यांना त्याचा उपयोग. बॅटरी संपल्यावर वायर लावून चालतो का ते विचारून घ्या, काही चालत नाहीत. घडी होतो का तेपण बघा, सोनीचा एक्सएम४ घडी व्हायचा, एक्सएम५ होत नाही, २०२५ ला आलेला एक्सएम६ परत घडी होतो, डबा आणि पाण्याची बाटली असलेल्या बॅगेत एवढ्याने फरक पडतो.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे आणि कुठल्याच खोक्यावर तो लिहिलेला नसतो. मे महिन्यात जळगावला ४४-४५ डिग्री, डब्यात पंख्यातून गरम वारं, आणि कानावर रेग्झिनची गादी. माझ्या एका हेडफोनची गादी दुसऱ्याच उन्हाळ्यात सोलायला लागली, काळे पापुद्रे कॉलरवर, गालावर, ऑफिसात लोक विचारायचे हे काय लागलंय. तेव्हापासून मी गादी बदलून मिळते का हा प्रश्न पहिला विचारतो, नुसती गादी वेगळी मिळत असेल तर हेडफोन चार पाच वर्षं जातो. कापडी गादीत घाम कमी येतो पण बाहेरचा आवाज थोडा जास्त शिरतो, मी तेवढं चालवून घेतो. मार्च ते जून इन-इअर आणि थंडीत कान झाकणारा अशी सोय जमली तर उत्तमच, थंडीत कानटोपीचं कामपण होतं. इन-इअरला निदान आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) असू द्या, घाम आणि पावसाचे शिंतोडे तेवढ्यात निभतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका आणि तापलेला असताना लगेच चार्जिंगला लावू नका, लिथियमच्या बॅटरीला उष्णताच मारते. धुळीचं काय, आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ टूथब्रशने जाळी खाली करून झाडायची, वर धरून झाडलं तर घाण उलट आत जाते. चार्जिंगचे धातूचे ठिपके पुसून ठेवायचे, घामाने हिरवे पडतात.

कानांचं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण तेच ९० डेसिबलला फक्त ४ तास. लहान मुलांसाठी तर ७५ डेसिबलच धरलेत. आता रोज जाऊन येऊन दोन तास धरले तर सहा दिवसांचे बारा तास झाले, म्हणजे गाडीच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम चढवून ऐकणाऱ्याचा आठवड्याचा कोटा मंगळवारी संध्याकाळी घरी येतानाच संपतो. गिरणेच्या पुलाचं मी एवढं का धरून बसलोय ते यासाठी. बाहेरचा आवाज अडला की आतला आवाज कमी ठेवता येतो, माझ्या मते हेडफोनवर पैसे खर्च करायचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. माझ्या बरोबरचे एक काका आता फोन उजव्याच कानाला लावतात, डाव्याने नीट ऐकू येत नाही, कानात सारखी शिट्टी वाजते म्हणतात, आणि ती शिट्टी कुठलं बटण दाबून बंद होत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉल्यूमची मर्यादा आजच लावून टाका, भाचीच्या फोनला मीच लावून दिली.

प्लॅटफॉर्मवर चालताना, रूळ ओलांडायच्या पुलाकडे जाताना, फाटकापाशी एक कान मोकळा, आणि दुचाकीवर तर दोन्ही मोकळे, यात काही तडजोड नाही. बाहेरचं ऐकू येण्याचा मोड असेल तर तो एका बोटात चालू होतो का ते घेतानाच बघा, प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा आली आणि आपण मेनू शोधतोय असं नको. शिवाय रात्री दहानंतर डब्यात स्पीकरवर गाणी लावायला रेल्वेची मनाई आहे, म्हणून लांबच्या प्रवासाला घरातल्या सगळ्यांकडे आपापला साधा का होईना एक हेडफोन असू द्या, वायरचा एक जास्तीचा माझ्या बॅगेत कायम असतो, चार्जिंगची भानगड नाही. आडवं पडून ऐकणार असाल तर मोठा उपयोगाचा नाही, कुशीवर वळलं की गादी सरकते, झोपायला छोटे इन-इअरच. रात्री ११ ते पहाटे ५ बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री हेडफोन, त्याची डबी आणि पॉवर बँक तिन्ही घरीच भरून घ्यायचं.

बॅगेत त्याला वेगळा कप्पा द्या, डब्याच्या शेजारी नको, भरताचं तेल एकदा त्या जाळीत गेलं की कितीही पुसा, वास जात नाही. कडक डबी नसेल तर जुन्या चष्म्याचं घर इन-इअरला अगदी बरोबर बसतं.

येत्या रविवारी आम्ही जळगावच्या गोलाणी मार्केटला जाणार आहोत, भाची तिचा चष्मा, तिचा फोन आणि तीन रेकॉर्डिंग घेऊन. ऑनलाईन स्वस्त मिळतो हे खरंय, पण कानाला लावून बघितलेलं मॉडेलच मागवा आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा, कानात घालायच्या वस्तू फोडल्यावर बरेच जण परत घेत नाहीत. वॉरंटीचं काम कुठे होतं ते विचारा, जळगावात होतं की कुरिअरने पाठवावं लागतं. आणि पावती हातात पडली की दुकानाच्या पायरीवरच तिचा फोटो काढा, त्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं आपल्या उन्हात उडून जातात, मी सहा महिन्यांनी पाकिटातून काढली तेव्हा कोरा कागद निघाला होता.