नोकरदार सर्टिफिकेट कोर्सला का येत नाहीत? कॉलेजांनी या चुका टाळाव्यात

जाहिरात जाते, गेटवर फ्लेक्स लागतो, चौकशीचे फोनही येतात. प्रवेश मात्र बोटांवर मोजण्याइतके. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखानदारी पट्ट्यात हे नेहमीचं आहे. मग ‘लोकांना शिकायचंच नाही’ म्हणून कोर्स गुंडाळला जातो. हे मला अजिबात पटत नाही. पाळी संपवून ‘सर, पीएलसीचा (मशीन आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचा) कोर्स आहे का?’ असा फोन करणाऱ्याला शिकायचं असतंच. अडवतं ते आपलं वेळापत्रक आणि आपली ऑफिसची खिडकी.

आधी गळती कुठे होते ते पाहा. फोनच येत नसतील तर दोष जाहिरातीचा. फोन येऊन फॉर्म भरले जात नसतील तर वेळ, फी किंवा कागदपत्रांचा. प्रवेश घेऊन लोक महिनाभरात गायब होत असतील तर पाळीचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘नोकरदारांसाठी खास शनिवार-रविवार बॅच’. भोसरी एमआयडीसीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी तिथला कामगार मशीनवर असतो. शिवाय पाळी फिरती. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. संध्याकाळी सहाची एकच बॅच ठेवली की सेकंड शिफ्ट लागलेल्याचा अख्खा आठवडा बुडतो आणि दोन-तीन तास बुडाले की तो लाजेनेच यायचा थांबतो. उपाय सरळ आहे: तोच धडा सकाळी आणि संध्याकाळी दोनदा घ्या, आणि कुठल्याही दिवशी कुठल्याही बॅचला बसायची मुभा द्या. शिक्षकाचं मानधन वाढेल, पण वर्ग टिकेल.

दुसरा हिशेब आपण करतच नाही, तो ओव्हरटाइमचा. त्याला कायद्याने दुप्पट दर आहे, त्यामुळे कामगाराच्या लेखी कोर्सची किंमत म्हणजे फी अधिक बुडालेला ओव्हरटाइम. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हा परीक्षा ठेवूच नका. हप्त्याची तारीखही १ नको. पगार साधारण ७ ते १० तारखेला होतो. हप्ता १२ ला ठेवा.

कागदपत्रांवर तर मला खरंच राग येतो. दोन-तीन महिन्यांच्या कोर्ससाठी गॅप सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचा दाखला, कशाला? पस्तिशीच्या माणसाकडून शाळेचा दाखला, मायग्रेशन (बोर्ड किंवा विद्यापीठ बदलल्याचं प्रमाणपत्र) मागायचं, तेही सकाळी अकरा ते दीड या वेळेत, म्हणजे त्याने रजा टाकून यायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं आधार आणि मार्कशीट जुळत नाही, म्हणून तिला राजपत्राच्या मागे लावायचं. कोर्सला खरोखर लागतं तेवढंच मागा, आठवड्यातून दोन दिवस खिडकी रात्री आठपर्यंत उघडी ठेवा.

जाहिरातीत पदवीची टोपी घातलेली विशीतली पोरं आणि ‘उज्ज्वल भविष्य’ नको. कोर्स झाल्यावर काय करता येईल ते लिहा: ‘कन्व्हेयरचं लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्राम) स्वतः लिहाल, बिघाड शोधाल’. आणि कुठे लावाल? कारखान्यांच्या सुट्टी-सूचनांच्या फलकाजवळ, एचआरला विचारून. सुपरवायझरने नाव सुचवलं तर त्याहून उत्तम, कारण पाळी बदलून देणंही त्याच्याच हातात असतं.

क्रेडिटबाबत, म्हणजे पुढे पदवीत धरता येणाऱ्या श्रेयांकांबाबत, मोघम बोलू नका. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार ३० तासांच्या अध्ययनाला १ क्रेडिट, म्हणजे ६० तासांचा कोर्स २ क्रेडिटचा. पण ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) खरोखर जमा होणार का, हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय पत्रकावर छापू नका. होणार नसतील तर फोनवरच तसं सांगा. पुढे पदवी करायची असलेला माणूस त्या एका शब्दावर पैसे भरतो.

आणि सलग दोन तासांना (लेक्चरना) न आलेल्याला एसएमएस नको, शिक्षकाने स्वतः फोन करावा. विचारायचं एवढंच: ‘या आठवड्यात कुठली पाळी आहे?’