पेन्शनचं खातं यूपीआयला जोडू नका

आईबाबांच्या फोनवरच्या यूपीआयसाठी वेगळं बचत खातं उघडा आणि त्यात खर्चापुरते चार-पाच हजारच ठेवा. हे खातं शक्यतो दुसऱ्या बँकेत असू द्या. एकाच बँकेत असेल, तर त्याच मोबाइल नंबरवरचं पेन्शन खातंही ॲपमध्ये दिसतं आणि चुकून जोडलं जातं. पेन्शनच्या डेबिट कार्डवरचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करा.

‘आज रात्री वीज तोडणार’ असा खोटा मेसेज आला की घाबरून माणूस सांगितलेलं ॲप टाकतो आणि फसवणाऱ्याला त्याची स्क्रीन दिसू लागते. म्हणून त्यांना एवढं पक्कं सांगा: कुणी सांगितलेलं ॲप टाकायचं नाही आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पैसे गेलेच, तर रागावत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकतात.