पॅटर्न मॅचिंग: शेवटी अंडरस्कोर टाकण्याआधी

पॅटर्न मॅचिंग म्हणजे किमतीचा आकार बघून त्यानुसार कोडची फांदी निवडणं. त्याने इफ-एल्सची उतरंड मोडायची तर सुरुवात टाइपपासून करा. पेमेंटच्या शक्य तेवढ्या अवस्था एका सम टाइपमध्ये (‘यांपैकी कोणतीतरी एकच’ असा टाइप) मांडा आणि जिची माहिती तिच्याजवळच ठेवा:

पेमेंट = बाकी | झालं रक्कम | फसलं कारण

मग प्रत्येक अवस्थेला एक फांदी. तपासणी वरून खाली होते, त्यामुळे नेमका पॅटर्न आधी, ढोबळ नंतर.

खरी अडचण पुढे आहे. एखादी अवस्था राहिली की कंपायलर इशारा देतो, आणि जिकडेतिकडे सल्ला मिळतो: शेवटी अंडरस्कोर (_, म्हणजे कशालाही जुळणारा पॅटर्न) टाका, इशारा जातो. हा सल्ला ऐकू नका! मीही यात बरेच दिवस अडकलो होतो, कारण त्या दिवशी प्रोग्राम बरोबरच चालतो. दुखणं नंतर निघतं. कुणीतरी टाइपमध्ये ‘परतावा’ ही चौथी अवस्था घालतं. अंडरस्कोरची फांदी ती निमूटपणे गिळते, कंपायलर गप्प राहतो, आणि परत केलेली रक्कम अहवालात ‘बाकी’ म्हणून दिसू लागते. दोन अवस्थांचं उत्तर एकच असेल, तरी दोन्ही नावानिशी लिहा. चार ओळी वाढल्या तर वाढू देत. नवी अवस्था आली की कुठे कुठे बदल करायचा, ते कंपायलरच दाखवतो.

रस्टमध्ये अपुरा मॅच कंपाइलच होत नाही. ओकॅमलमध्ये इशारा मिळतो. हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरमध्ये मात्र तो मागून घ्यावा लागतो: ‘-वॉल’ (-Wall) फ्लॅग लावा, सोबत ‘-वेरर’ (-Werror) लावून इशाऱ्याची एरर करा.

गार्ड (पॅटर्नला जोडलेली अट) लावताना एक जपा. ‘रक्कम > ०’ आणि ‘रक्कम <= ०’ मिळून सगळं येतं हे आपल्याला दिसतं, पण कंपायलर ते धरत नाही. शेवटची फांदी गार्डशिवाय ठेवा, हॅस्केलमध्ये ‘अदरवाइज’.

आणि पॅटर्नमध्ये आधीच्या व्हेरिएबलचं नाव लिहून तुलना होईल असं समजू नका. हॅस्केल, ओकॅमलमध्ये तिथे त्याच नावाचं नवं व्हेरिएबल तयार होतं आणि काहीही जुळतं. तुलना हवी तर गार्ड वापरा; एलिक्सिरमध्ये त्यासाठी पिन ऑपरेटर (^) आहे.

अंडरस्कोरला हरकत नाही ती पूर्णांक आणि स्ट्रिंगसाठी. तिथे सगळ्या किमती लिहून काढणं शक्यच नसतं.